गाडीच्या माथ्यावर पोरीचं नाव

ट्रकवर नावं लिहिण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. जळगावला हायवेच्या कडेला माझं पत्र्याचं दुकान होतं. नव्वदच्या आसपास केळीच्या गाड्या धडाधड दिल्लीला सुटायच्या, तेव्हा मला जेवायला सवड नसायची. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कुठली गाडी कुणाकडून कुणाकडे गेली हे आरटीओच्या आधी मला कळायचं.

त्याच काळात एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनं नवी टूम काढली. ड्रायव्हरला म्हणायचा, पगार कसला घेतोस, गाडीच घे. खेपेच्या भाड्यातून हप्ता कापत जाईन, चार वर्षांनी कागद तुझ्या नावावर. डिझेल, टायर, मोडतोड सगळी ड्रायव्हरच्या अंगावर. लागोपाठ दोन हप्ते चुकले की गाडी परत आणि भरलेलं बुडालं. हे शेवटचं तो खाली बघून, भरभर सांगायचा. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी मिळायची. केबिनच्या माथ्यावर ड्रायव्हर सांगेल ते नाव, आणि त्या रंगाचे पैसे शेठच्या खिशातून. मला निरोप यायचा, मोठं लिही, लांबून दिसलं पाहिजे. आमच्याकडच्या माणसाला आरसी बुकापेक्षा माथ्यावरचं नाव जास्त खरं वाटतं, हे त्या लबाडानं बरोबर हेरलं होतं.

रंग वाळेपर्यंत ड्रायव्हर माझ्या बाकड्यावर बसून काथ्याकूट करायचे. एक म्हणायचा, जन्मभर दुसऱ्याचीच गाडी हाकायची का? दुसरा म्हणायचा, एकदा इंजिन बसलं की खेळ खलास. मी ब्रश चालवत ऐकायचो आणि गप्प राहायचो, कारण माझं निम्मं काम त्या शेठचं होतं. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. पण पोट होतं.

मग एके दिवशी माझा शाळेपासूनचा दोस्त गाडी घेऊन दारात उभा. धरणगावचा. पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. बायकोची सोन्याची पोत मोडून शेठला पहिली रक्कम द्यायची त्यानं ठरवलं होतं, आणि संध्याकाळी सही होती. माथ्यावर त्याला पोरीचं नाव हवं होतं. लाल की पिवळं, यावरच त्यानं माझं डोकं खाल्लं.

ती गाडी मी चांगली ओळखत होतो. दोन वर्षांत तिच्या माथ्यावरची दोन नावं मीच पुसली होती. एकाला कावीळ झाली, दुसऱ्याचं इंजिन इंदूरच्या रस्त्यावर बसलं. दोघांचेही हप्ते चुकले आणि गाडी शेठकडे परत आली.

तरी मी शिडीवर चढलो. एक अक्षर काढलं आणि पाणी प्यायला उतरलो. दुसरं काढलं आणि चांगला ब्रश उगाच धुवत बसलो. चहावाल्यावर विनाकारण खेकसलो. दोस्त खाली उभा राहून हसत होता. म्हणाला, आज तुझ्या अंगात आलंय का? तिसरं अक्षर झालं आणि हात पुढे जाईना. मी खाली उतरलो.

"या पाटीवरची दोन नावं मी पुसलीत," मी म्हणालो. "सही करू नको."

तो शिडीवर चढला आणि त्यानं कोऱ्या भागावरून बोट फिरवलं. रंगाखाली जुन्या अक्षरांचे उंचवटे लागत होते. उतरून मला म्हणाला,

"तुले बठ्ठं माहीत व्हतं, मंग तीन अक्षरं कसाले लिखी?"

त्यानं सही केली नाही. सगळं माहीत असूनही काढलेल्या त्या तीन अक्षरांवर मी रंग मारून गाडी परत पाठवली आणि शेठनं माझं काम तोडलं. कित्येक महिने वाईट गेले, पण आपण एक घर वाचवलं, असं मी बायकोला ऐटीत सांगायचो.

तीच गाडी मग जामनेरच्या एका ड्रायव्हरनं घेतली. त्याला कावीळ झाली नाही. त्याचं इंजिन बसलं नाही. चार वर्षांनी तो आरसी बुक आणि पेढे घेऊन माझ्याकडे आला. गाडी खरोखर त्याच्या नावावर झाली होती आणि माथ्यावर त्याला नवं नाव हवं होतं.

नेमका तेव्हा माझा दोस्त बाकड्यावर चहा पीत होता. दुसऱ्याचीच गाडी भरायला आलेला. त्यानं गाडी ओळखली. पेढा घेतला, खाल्ला. जामनेरवाला चहाला गेल्यावर माथ्याकडे बघत मला म्हणाला, "याना खाले मनी पोरनं नाव शे ना?"

तुझ्या पोरीचं अर्धं आहे, मी म्हणालो.

"मंग खरडू नको."

माझं चुकलं की बरोबर होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण त्याचं मी ऐकलं. जुना रंग न घासता त्याच्यावरच नवा रंग मारला. इतक्या थरांवर असा रंग टिकत नसतो. दोन महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटले, आणि जामनेरवाला दुकानात येऊन मला नाही नाही ते बोलला. मी सगळं ऐकून घेतलं.