भुजंगप्रयातातला हॉर्न

पिप्… पीईप्… पीईप्…

साठेक वर्षं झाली असतील, पण हा आवाज अजून कानात आहे. दर्यापूरला आमच्या गल्लीच्या वळणावर तो वाजला की आई स्टोव्हला पंप मारायला बसायची. म्हणजे बाबा आले, चहा टाका! बाबा गावातल्या डॉक्टरांची गाडी चालवायचे… दोन दारांची, फिकट निळी हेराल्ड.

पुढे शाळेत मराठीच्या बाईंनी टेबलावर ठेका धरून वृत्तं शिकवली. ऱ्हस्व तो 'ल', दीर्घ तो 'गा'. भुजंगप्रयात आलं… ल गा गा, ल गा गा… आणि मी वर्गात उभा राहून ओरडलो, "बाई, हा तर आमच्या बाबांचा हॉर्न!" वर्ग हसला. बाई मात्र म्हणाल्या, "मग हे वृत्त तुला जन्मात चुकायचं नाही."

नाही चुकलं. पण परवा अकोल्यात त्याच वृत्ताने मला जवळजवळ बुडवलं होतं… तीच गंमत सांगायची आहे.

जुन्या गाड्यांचा लिलाव होता. व्हॉट्सअॅपवर फोटो आले, त्यात एक हेराल्ड. नंबर वाचला, चष्मा पुसून परत वाचला… तीच! डॉक्टर गेल्यावर विकली गेली होती, मग कुठे कुठे फिरली कोण जाणे.

घरी हिच्याशी बोलून एक मर्यादा ठरवली. इथपर्यंत बोली लावायची, पुढे नाही. रात्रभर झोप नाही, सहलीच्या आदल्या रात्री पोरांना येत नाही तशी! सकाळी मित्र गवईला घेऊन अमरावतीहून निघालो. गवई एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालाय, जिभेला मात्र रिटायरमेंट नाही.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या, पॉलिश केलेल्या, मुंज लागलेल्या मुलांसारख्या नटलेल्या. मी थेट हेराल्डमध्ये जाऊन बसलो. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बारीक छिद्र… बाबांनी उदबत्ती लावायला पाडलेलं. त्यात करंगळीचं टोक घालून बसून राहिलो.

मग हॉर्न दाबला. काही नाही. बॅटरीच नव्हती.

"आता रडू नका सर, लोकं पाहून राह्यले," गवई म्हणाला.

लिलाव सुरू झाला. माझ्या हातात नंबरची पाटी. ती वर केली की बोली लागली, इतका सोपा हिशोब. हेराल्ड आली आणि माझी मर्यादा चहा निवायच्या आत संपली! समोर अचलपूरच्या एक वकीलबाई होत्या, पंचेचाळिशीच्या, गॉगल डोक्यावर. त्या काही मागे हटेनात. संपलं म्हटलं. मी खुर्चीत मागे टेकलो, डोळे मिटले.

पण लिलाव पुकारणाऱ्याचा गळा मोठा गोड हो… तो लहरीत येऊन म्हणू लागला, "पुढे या, पुढे या, कुणी हो, पुढे या…"

अहो, शुद्ध भुजंगप्रयात! ल गा गा, ल गा गा… मी दर्यापूरच्या वर्गात पोचलो. आणि हात आपोआप ठेका धरू लागला… पाटीसकट.

"सर! हात खाली घ्या नं! बोली लागून राह्यली तुमची!" गवईने मनगट धरलं तेव्हा डोळे उघडले. पुकारणारा हसतमुखाने माझ्याकडेच बघत होता. "एक वार… दोन वार…"

गाडी माझी होत होती, आणि मला ती झेपणार नव्हती. घरी काय सांगणार होतो? वृत्तात गेलो म्हणून?

तेवढ्यात वकीलबाईंनी पाटी वर केली. गाडी त्यांची झाली. मला इतका आनंद झाला की मीच आधी टाळ्या वाजवल्या!

बाहेर बाईंनी गाठलंच. "काका, घ्याची नव्हती तं पाटी काहून नाचवून राह्यले होते? तुमच्यापायी किती महाग पडली मले!"

काय सांगणार… खरं तेच सांगितलं. हॉर्न, बाबा, आईचा स्टोव्ह, ल गा गा. हात जोडले. बाईंनी गॉगल डोळ्यांवर ओढला, "कमाल आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. येताना गवई मूर्तिजापूरपर्यंत माझी खेचत होता. गाडी गेल्याचं दुःख तितकं नव्हतं. एकदा आवाज ऐकायचा राहिला…

हे सगळं काल दुपारी लिहून ठेवलं होतं. शेवटी दोन ओळी कृतज्ञतेच्या घालाव्यात म्हणून विचार करत बसलो होतो. संध्याकाळी फाटकाबाहेर आवाज झाला.

पीईप्… पीईप्… पिप्…

मी ताडकन उठलो. "चुकलं!" असं मोठ्याने म्हणालोदेखील. गा गा ल वाजलं होतं!

फाटकात निळी हेराल्ड. स्टिअरिंगवर वकीलबाई, मागच्या सीटवर अंग चोरून बसलेला, दात काढून हसणारा गवई. पत्ता त्यानेच दिला होता, बॅटरीही त्यानेच बसवली होती.

"काय मंता काका, जमलं का तुमचं वृत्त?"

"उलटं वाजवलंत बाई. लहान आधी."

"मंग या नं इकडं, तुमीच वाजवा." त्या बाजूच्या सीटवर सरकल्या.

मी बाबांच्या जागेवर बसलो. वाजवला… पिप्… पीईप्… पीईप्…

आणि आमच्या स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "आले वाटतं! चहा किती कप टाकू हो?"