डावा कान

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. सुमनलाही नाही. सुमन माझी बायको, गेल्या उन्हाळ्यात गेली. खरं तर तिलाच आधी सांगायला हवं होतं. आता तुम्हाला सांगून काय होणार? काही नाही. तरी सांगतो.

मी गवंडी. शिक्षण चौथी. कोथरूडात शेतं होती तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यातल्या बऱ्याच भिंती माझ्या हातच्या. हे उगाच सांगतोय — मुद्द्यावर यायला जड जातंय.

मुलगा दिलीप महापालिकेच्या शाळेत होता. लोक त्या शाळेला नाक मुरडायचे, आजही मुरडतात. पण तिथे पुस्तकं मिळायची, गणवेश मिळायचा, आणि एखाद्या वर्षी डॉक्टर येऊन पोरांना तपासायचे — डोळे, दात, कान. दिलीप तिसरीत असताना बाईंनी निरोप धाडला, घरचं कुणीतरी येऊन जा. सुमन बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. मग मीच गेलो, कामावरून तसाच.

डॉक्टरांनी माझ्यादेखत पोराच्या मागे उभं राहून हळूच नाव घेतलं. डाव्या बाजूने. पोरगं हललं नाही. मग त्याला वर्गात पाठवून म्हणाले, कान वाहून वाहून हा गेलाय. उजवाही त्याच वाटेवर आहे, पण आता औषधपाणी केलं तर वाचेल. महापालिकेच्याच दवाखान्यात आणा, लागलं तर मशीनही मिळेल. बाईंनी दवाखान्याचा वार सांगितला. सोबत कुणी नसेल तर मी येते, म्हणाल्या. आणखी काय करायचं असतं शाळेने?

मशीन म्हटलं आणि माझं डोकं बंद झालं. माझं पोर कानात यंत्र घालून वस्तीत फिरणार? लोक त्याला बहिरोबा म्हणणार? आणि मला बहिरोबाचा बाप? बाईंना मी मान डोलावली आणि घरी आलो.

आठवड्याने सुमन आली.

"अहो, शाळेत कशाला बोलावलं होतं?"

"काही नाही. वर्गात लक्ष देत नाही म्हणे."

हेच ते. एवढंच बोललो. न ऐकू येणाऱ्या पोराला मी एका वाक्यात उनाड करून टाकलं. त्यानंतर सुमन हाक मारायची, तो यायचा नाही, आणि ती मारायची — हाताने, लाटण्याने. "कान फुटलेत का मेल्या?" म्हणायची. मी समोर जेवत असायचो. जेवतच राहायचो. बाईंनी पुन्हा दोनदा विचारलं. बाहेर दाखवलं, सगळं ठीक आहे, असं सांगून मोकळा झालो. मग त्यांची बदली झाली.

दिलीप मोठा झाला. खडकीला कारखान्यात लागत होता, पण कानांमुळे तपासणीत गळला. तेव्हा सुमनला कळलं. बराच वेळ ती स्वतःचे हात बघत बसली. मग म्हणाली, "एवढी वर्षं शाळेत कुणाला कळलं कसं नाही हो?"

आणि मी काय म्हणालो? "महापालिकेची शाळा. तिथं कोण बघतंय."

मरेपर्यंत ती त्या शाळेला बोल लावत राहिली. आणि स्वतःला. शेवटी अंथरुणावरून दिलीपचा हात धरून माफी मागायची. तो म्हणायचा, आई, जाऊ दे गं. मी पायाशी बसलेलो असायचो. तेव्हा तरी बोलावं की नाही माणसाने? नाही बोललो. नातीला दिलीपने त्या शाळेत घातली नाही. माझं झालं तेवढं पुरे, म्हणाला.

तेराव्याला, जेवणं उरकल्यावर, मी दिलीपच्या शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. बाई, डॉक्टर, मशीन, सुमनला काय बोललो ते — सगळं. पण हळू आवाजात. आणि त्याच्या डाव्या बाजूला बसून. कुठली बाजू आहे हे मला ठाऊक होतं.

माझे ओठ हललेले त्याला दिसले असावेत. त्याने मान वळवली, उजवा कान पुढे केला. त्यात आता मशीन असतं.

"काय म्हणालात, अण्णा?"

"काही नाही," मी म्हणालो.