आप्पांच्या रायफलीची नळी

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्द साधेच येतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. भाऊ मास्तर म्हणाले, तू लिही, चुका मी सुधारीन. पण या किश्शांत ते स्वतः आहेत, आणि सुधारताना ते नेमके तेवढेच काढून टाकतील. म्हणून त्यांना दाखवलेले नाही.

बंदुकीच्या नळीत कितीही वेळा चिंधी फिरवा, शेवटची म्हणून काढलेली चिंधीसुद्धा थोडी काळी निघतेच. आमच्या मंडळींच्या किश्शांचे तसेच आहे. संपले म्हणावे तर अजून एक निघतो. मला चारचौघांत बोलता येत नाही, घसा बसतो, म्हणून लिहून ठेवतो.

मंडळी म्हणजे चौघे. आप्पा पलटणीतून हवालदारीची पेन्शन घेऊन आलेले. रायफल त्यांची, लायसनही त्यांचे. भाऊ मास्तर शाळेत शिकवतात. इब्राहिमचाचांची मच्छीची होडी आहे, पण रानात स्वयंपाक त्यांच्याकडे. चौथा मी. रत्नागिरीच्या बाजारात माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. हातखंब्याच्या आतल्या गावांत रानडुकरे भात तुडवायला लागली, की तिकडून निरोप येतो आणि आम्ही राहुटी घेऊन जातो.

*

रायफल ठासणीची नव्हे. मागून उघडून एक काडतूस घालायचे, अशी एकबारी. बार काढला की दारूचा खार आत धरतो, म्हणून रानातच नळी धुवावी लागते. आधी उकळते पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेलाची.

मी सायकलवाला, म्हणून हे काम पहिल्याच खेपेला माझ्याकडे आले. आप्पांनी मला समोर बसवले आणि सांगितले, "नळीत काही अडकून राहिलं आणि मी बार काढला, तर बंदूक पुढे नाही, मागे फुटते. मागे माझं तोंड असतं. तेव्हा आजपासून माझं तोंड तुझ्या हातात."

मी बरे म्हटले. त्या रात्री मला झोप लागली नाही. आप्पांचे तोंड बरेच मोठे आहे.

*

चिंधी ओढायची जी दोरी असते, टोकाला पितळी वजन असलेली, तिला पलटणीत फुलतरू म्हणतात. भाऊ मास्तरांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते फार खूश झाले. रानातल्या माणसांच्या तोंडी इतके शुद्ध शब्द अजून आहेत, असे म्हणाले. फूल अधिक तरू. फुलांनी बहरलेला वृक्ष. दोरी नळीतून निघते तशी फांदी बुंध्यातून निघते, हे रूपक कुणा जुन्या कवीला सुचले असावे, असा त्यांचा अंदाज होता.

आप्पा चिलीम भरत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मास्तर, इंग्रज साहेब त्याला पुल थ्रू म्हणायचा. म्हणजे ओढ आरपार."

मास्तरांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, साहेबाने तो शब्द आपल्याकडूनच घेतला असणार.

*

एकदा आम्ही कातळावर राहुटी टाकली होती. चाचांनी एका चुलीवर नळीसाठी पाणी ठेवले होते, दुसरीवर गुळाचा चहा. दोन्ही किटल्या सारख्याच काळ्या. मी नरसाळे धरून बसलो आणि मास्तरांनी हौसेने किटली ओतली. वाफेत आम्हाला काही दिसले नाही. नळीच्या तोंडातून तांबडे पाणी आले तेव्हा मास्तर म्हणाले, बघ किती गंज निघाला.

चाचांनी पेल्यांत चहा ओतला, तर ते नुसते गरम पाणी निघाले. मग सगळे लक्षात आले. चाचा म्हणाले की त्यांच्या चहाने आजवर कुणाचे वाईट झालेले नाही. मी पुन्हा पाणी ओतले, चिंध्या फिरवल्या, पण गूळ तो गूळ, कुठेतरी राहिला असावा.

सकाळी आप्पांनी मागचा कप्पा उघडून नळीला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आत अंधार आहे," ते म्हणाले. "आणि अंधार चालतोय."

मुंग्या निघायला दुपार झाली. तोवर डुकरे भात खाऊन गेली होती.

*

तेलाचाही एक किस्सा आहे. बाटली वाटेत फुटली. चाचा म्हणाले, काळजी करू नका, होडीला लावायचे मुशी माशाचे तेल आहे, खाऱ्या पाण्यात लाकूड टिकते त्याने, तर लोखंड का टिकणार नाही. बोलणे बरोबर होते. मुशीच्या तेलाने नळी आरशासारखी झाली.

संध्याकाळी आप्पा रायफल खांद्याला लावून गावातून निघाले. वळून पाहिले तर मागे पाच मांजरे. गावकुसापर्यंत सात झाली. आप्पा मचाणावर चढून बसल्यावर ती खाली गोल करून बसली. डुक्कर आले, मांजरे पाहिली आणि परत गेले.

आप्पा उतरल्यावर एवढेच म्हणाले, "चाचा, पुढच्या खेपेला तुम्ही होडीला बंदुकीचं तेल लावून बघा."

*

चिंध्यांचा तुटवडा झाला की आम्ही मास्तरांच्या धोतराकडे बघत असू. जुने, मऊ, धुतलेले कापड चिंधीला सर्वांत चांगले, आणि तसे आमच्यात त्यांच्याच अंगावर. पहिल्या वर्षी त्यांनी काठ दिला. दुसऱ्या वर्षी सोगा. तिसऱ्या वर्षी वहिनींनी विचारले, की शिकारीला जाता तेव्हा हे नेमके कोण कोणाला खाते?

पुढच्या खेपेला वहिनींनी नवे कोरे मांजरपाट बांधून दिले. जाड, खळीचे.

*

तेच मांजरपाट मी शेवटच्या खेपेला वापरले. आदल्या दिवशी आप्पांनी एक बार काढला होता, तो चुकला होता. दुपारी मी आंब्याखाली बसून नळी साफ करत होतो. फुलतरूची दोरी जुनी झाली होती. चिंधी निम्म्या नळीत गेली, तट्ट झाली, मी जोर लावला आणि दोरी तुटली. वजनाचे टोक माझ्या हातात आले, चिंधी आत राहिली.

अशा वेळी वेळूची सरळ काठी घालून चिंधी ढकलायची असते. मी रायफल राहुटीत ठेवली, कोयता घेतला आणि वेळूच्या बेटाकडे गेलो. सरळ काठी लवकर मिळेना. काठी तासून परत आलो तर राहुटी रिकामी. रायफलही नाही. गावचे मानकरी, म्हणजे गावकर, बोलवायला आले होते आणि मंडळी देवळाकडे गेली होती.

त्या गावात अशी रीत आहे, की रान काढायला, म्हणजे हाका घालून डुकरे उठवायला, निघण्याआधी गावकर देवीला गाऱ्हाणे घालतात. ते एकेक मागणे सांगतात आणि जमलेली माणसे हात जोडून व्हय म्हाराजा म्हणतात. मध्ये दुसरा शब्द बोलायचा नाही. शेवटच्या मागण्याला व्हय म्हाराजा झाले, की देवीच्या नावाने एक बार आकाशात काढायचा. तो ऐकून डुकरेही सावध होतात, पण रीत ती रीत.

मी पळत पोचलो तेव्हा गाऱ्हाणे निम्म्यावर आले होते. वीस-पंचवीस माणसे, आणि त्यांच्या पलीकडे पायरीजवळ आप्पा, रायफल घेऊन. काडतूस घातलेले होते. कप्पा मिटल्याचे मला लांबून दिसत होते.

मास्तर सर्वांत मागे होते. मी त्यांच्या कानात म्हटले, नळीत चिंधी आहे. ते म्हणाले, "श्श, गाऱ्हाणं चाललंय." दीपमाळेपाशी चाचा हाकाऱ्यांबरोबर उभे होते. काठी बगलेत धरून त्यांना मी हातांनी खूण केली, एक हात नळी, दुसरा हात चिंधी. चाचांनी मान डोलावली आणि मला पाण्याचा तांब्या पाठवला. माणसांत घुसायला गेलो तर एका म्हाताऱ्याने कोपराने मागे सारले.

गावकर म्हणाले, "पोराबाळांक सुखी ठेव, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"रानात गेल्याला मानूस हसतमुखान घरा येवंदे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आप्पांनी रायफल वर केली. दस्ता खांद्याला लावला, गाल दस्त्याला.

"आनि आप्पांच्या हातान पयलो बार तुज्या नावान सुटंदे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"नाय म्हाराजा!"

तो आवाज माझा होता, हे मला नंतर कळले. सगळ्यांचे म्हणून झाल्यावर तो आला, त्यामुळे एकटाच ऐकू गेला. देवळाच्या माडावरचे कावळे उठले. गावकर चाळीस वर्षे गाऱ्हाणे घालत होते, त्यांना देवापुढे कुणी नाही म्हटलेले नव्हते. सगळे वळून माझ्याकडे बघत होते आणि माझ्या एका हातात वेळूची काठी होती, दुसऱ्यात तांब्या.

आप्पांनी रायफल खाली घेतली. कप्पा उघडला, काडतूस काढून खिशात टाकले आणि नळी आकाशाकडे धरून डोळा लावला. मग दुसरा डोळा लावला. रायफल शांतपणे बगलेत घेतली.

"गावकर," ते म्हणाले, "तेवढं एक कलम वगळा. बाकीचं देवीनं मंजूर केलंय."

त्या दिवशी रान काढले नाही. जेवताना आप्पांनी माझ्या पानात दोनदा भात वाढायला लावला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी काठीने चिंधी बाहेर काढली, नळी धुतली, तेल दिले आणि रायफल आप्पांच्या उशाशी ठेवली. मग एक नारळ घेऊन एकटाच देवळात गेलो. कुणी नाही असे पाहिले. गावकरांचे गाऱ्हाणे आठवेल तसे पहिल्यापासून म्हटले, आणि प्रत्येक मागण्याला व्हय म्हाराजाही मीच म्हटले. बार सुटण्याच्या कलमाशी आलो तेव्हा जरा थांबलो. चिंधी काढली आहे, असे देवीला आधी सांगितले. मग म्हटले, व्हय म्हाराजा.