शंभरावं घर

घरोघरी जाऊन माणसं मोजायला लागलं, की फॉर्म कमी आणि किस्सेच जास्त गोळा होतात! आमचे फॉर्म बुटांच्या एका खोक्यात मावले. किस्से अजून ओसंडताहेत.

झालं असं. आमच्या डब्लिनच्या, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनच्या लायब्ररीत जपानी पुस्तकं आहेत, चिनी आहेत, मराठी एकही नाही! मी आणि बायको मंजिरी तिथल्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "घरात मराठी बोलणारी शंभर कुटुंबं दाखवा, शेल्फ तुमचं. महिन्याची मुदत."

मी नाचायचाच बाकी होतो! आमची बारा वर्षांची ईरा मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये देते. तिनं स्वतःच्या हातानं एक तरी मराठी पुस्तक घरी आणावं, एवढीच माझी इच्छा. पण गावात मराठी घरं किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणाला 'आम्ही दोघंच' असं कळवून सात जण येतात, तिथे मोजणार तरी कसं!

*

पहिलंच घर पुण्याच्या कुलकर्ण्यांचं. "घरात माणसं किती?" मुलगा म्हणाला, "चार." आतून काकू कडाडल्या, "आणि आम्ही दोघं? सहा लिहा!"

"आई, तुम्ही इथे सहाच महिने असता."

"मग दोघं अर्धे अर्धे मिळून एक. पाच लिहा!"

काकांनी पेपरातून डोकं वर काढलं. "त्यातला मी कुठला अर्धा?"

"जेवणारा!"

*

पुढे नागपूरचा प्रणव. बायको लावण्या हैदराबादची, तेलुगू. घरची भाषा कोणती? प्रणव म्हणाला, "मिक्स आहे यार, इंग्लिशच टाका." माझा चेहरा पडला!

लावण्यानं फॉर्म ओढून घेतला आणि मराठीत म्हणाली, "मराठी लिहा. दुसऱ्या कुठल्याही भाषेत ओरडलं, तर ह्याला ऐकूच येत नाही!"

*

एका घराची बेल वाजवली. दार बंद, पण बेलवरच्या कॅमेऱ्यातून आवाज आला, "बोला!"

म्हटलं, "जरा दार उघडता का?"

"कसं उघडू? मी साताऱ्यात आहे! फॉर्म इथूनच सांगतो, लिहून घ्या. आणि आलाच आहात, तर तेवढं कुंड्यांना पाणी घाला."

घातलं! तर साताऱ्याहून सूचना आली, "तुळशीला जरा कमी हो!"

*

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं फॉर्म मोजायला बसलो. नव्व्याण्णव! पुन्हा मोजले, तरी नव्व्याण्णवच. मंजिरी म्हणाली, "अरे, आपला स्वतःचा फॉर्म कुठाय?"

तो ईराकडे होता. अक्षर चांगलं म्हणून तिलाच भरायला दिला होता. मी आनंदानं उडालोच! शंभर झाले! शेल्फ आलं!

फॉर्म हातात घेतला. नावं बरोबर, पत्ता बरोबर. घरात बोलली जाणारी भाषा: इंग्लिश.

"ईरा! हे काय?"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, यू टॉक टू मी इन इंग्लिश. होमवर्क, सॉकर, एव्हरीथिंग. मराठी इज फॉर आजी, ऑन द फोन."

माझं डोकंच फिरलं. महिनाभर गावभर हिंडलो, कुंड्यांना पाणी घातलं, आणि माझ्याच घरात हे! मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "व्हॉट नॉन्सेन्स! इन धिस हाउस वी ओन्ली स्पीक मराठी!"

मंजिरीनं तोंडावर ओढणी धरली.

ईरानं पेन उचललं, फॉर्म पुढे ओढला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "बाबा, तू आत्ता जे बोललास, ते कुठल्या भाषेत धरू?"