बॉनेटवरच्या कुरडया

माझ्या दाजींइतका कष्टाळू आणि तितकाच निरुपयोगी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाची नोकरी लागली तेव्हा मी सोलापूरला आक्काकडं राहायला आले. विजापूर रोडच्या आतल्या अंगाला त्यांचं घर. खाली ती दोघं, वर गच्चीला लागून माझी खोली. दाजी ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. घरात चहाचा कप उचलून मोरीत ठेवायची त्यांना सवय नव्हती. मी आले त्याच वर्षी त्यांनी गाडी घेतली, गडद निळी. गडद रंग लई सांभाळावा लागतो, असं शोरूममधला माणूस त्यांना बोलून गेला आणि दाजींना आयुष्याचं काम सापडलं.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येईल त्या दिवशी आक्का अंधारात उठून टाकी, पिंपं, घागरी, हाताला लागेल ते भरून ठेवायची. त्यातलं एक पिंप दाजींनी मागच्या दारी वेगळं काढलं होतं. ते पाणी गाडीचं. ऐन उन्हाळ्यात मी एकदा डोकं धुवायला त्यातली बादली घेतली, तर घरात शिस्त कशी असावी यावर त्यांनी मला जेवण होईपर्यंत ऐकवलं. नंतर त्याच पाण्यानं त्यांनी गाडीची चाकं धुतली.

रविवारी सकाळी हा सोहळा सुरू व्हायचा. उन्हात गाडी धुतली तर डाग राहतात म्हणून फाटकापासून सज्ज्यापर्यंत त्यांनी हिरवी जाळी बांधून घेतली होती. तसली सावली आक्काच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला कधी मिळाली नाही. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं एकीत बुडवायचं, पत्र्यावरनं फिरवायचं, दुसरीत खंगाळायचं. ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. फडकं म्हणजे साधं फडकं नव्हे, बाहेरनं मागवलेलं. मी कारखान्यातले चांगले मऊ टॉवेल आणून दिले, तर त्यांनी ते गालाला लावून बघितले आणि यानं ओरखडे पडतील असं म्हणून परत केले. अख्खा देश सोलापुरी टॉवेलनं अंग पुसतो, पण दाजींच्या गाडीची कातडी नाजूक होती.

गाडी धुऊन झाली की ‘क्ले’. साबणाच्या वडीएवढा मऊ गोळा असतो तो. हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून दाजी पत्र्यावरनं बोटं फिरवायचे आणि बारीक खरखर कुठं लागते ते शोधायचे. ती खरखर म्हणजे रंगात रुतलेली धूळ. मग तिथं फवारा मारून गोळा अलगद घासायचा, काळा पडला की मळून काळी बाजू आत दुमडायची, पुन्हा घासायचा. आत आक्का भाकरीचं पीठ मळायची, बाहेर हे त्यांचा गोळा मळायचे. आक्काच्या मळण्यातून निदान भाकरी व्हायची. क्लेनंतर पॉलिश, पॉलिशनंतर वॅक्स. वॅक्सचा पातळ हात देऊन ते धुरकट होईपर्यंत थांबायचं आणि मग पुसायचं. दुपारपर्यंत गाडीत तोंड दिसायला लागायचं, आणि दाजी त्यात स्वतःचं बघत उभे राहायचे.

एवढं करून गाडी जायची कुठं, तर कुठंच नाही. दाजी कॉलेजला स्कूटरवर जायचे, आक्का भाजीला चालत जायची. लग्नकार्याला निघालो की रस्ता कच्चा आहे का, याची आधी चौकशी व्हायची, आणि शेवटी आम्ही एसटीनं जायचो.

आमची अव्वा, म्हणजे आई, अक्कलकोटच्या पलीकडं, हद्दीलगतच्या गावात राहते. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. तिच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला म्हणून आक्कानं तिला सोलापूरला बोलावून घेतलं. शनिवारी ऑपरेशन झालं. रात्री मी तिच्याजवळ राहिले आणि रविवारी सकाळी डॉक्टरांनी सोडलं. डोळ्याला धूळ लागू देऊ नका, धक्का बसू देऊ नका, असं बजावून सांगितलं. मी आक्काला फोन केला. ती दाजींना विचारायला बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज उतरलेला होता. वॅक्स अजून ओलं आहे, आत्ता गाडी काढली तर धूळ बसून सगळं परत करावं लागेल, रिक्षा काय लगेच मिळते, असं दाजी म्हणाले होते.

अव्वाला मी दाजी कामात आहेत एवढंच सांगितलं. तिला सगळं कळलं. “ब्याड, ब्याड, नको. रिक्षाच बरी की,” म्हणाली. “जावयाला त्रास नको.”

विजापूर रोडच्या खड्ड्यांतून मी तिचं डोकं माझ्या खांद्याशी धरून आणलं. पदरानं तिचा डोळा झाकला तरी बाजूनं धूळ येतच होती. घरापाशी उतरलो. फाटकातून आत जायला गाडीच्या कडेनं अरुंद वाट. मी पिशवी घ्यायला मागं वळले तेवढ्यात अव्वा पुढं निघाली. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं तिला आधीपासूनच अंधुक दिसायचं. तिचा तोल गेला आणि तिनं आधाराला हात टेकला तो गाडीच्या बॉनेटवर.

दाजी धावत आले. ते तिला धरायला येतायत असं मला वाटलं. त्यांनी मनगटाला धरून तिचा हात बॉनेटवरनं उचलला, भिंतीवर ठेवला आणि खांद्यावरच्या फडक्यानं ती जागा पुसायला लागले.

“बोटात अंगठी हाय की तुमच्या,” पुसता पुसताच म्हणाले. “ओरखडा पडतो.”

“चुकलं बघा,” अव्वा भिंतीकडं तोंड करून म्हणाली. “दिसलं न्हाय मला.”

आक्का भाकरतुकडा घेऊन पायरीवर उभी होती. तिनं सगळं पाहिलं. अव्वावरनं तुकडा ओवाळून टाकला, तिला आत नेऊन निजवलं, आणि दिवसभर दाजींशी एक शब्द बोलली नाही. दाजींच्या ते लक्षातही आलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचं गाडी पुसणं चाललं होतं.

त्याच आठवड्यात कुरडया घालायच्या होत्या. गहू भिजलेले, चीक तयार. मी त्या दिवशी रजा काढली होती. दाजी पेपर तपासायला कॉलेजात गेल्यावर आक्कानं ती हिरवी जाळी सोडली, धुतलेली जुनी साडी आणली आणि गाडीच्या टपापासून बॉनेटपर्यंत अंथरली. मी घाबरून तिच्याकडं बघत राहिले. ती म्हणाली, पातेलं धर. मग सोऱ्यानं तिनं गाडीभर कुरडया घातल्या, एकसारख्या, गोल. अव्वा काळा चष्मा लावून दारात बसली होती. चीक जरा घट्ट झालाय, एवढंच तिचं म्हणणं.

दुपारी दाजी आले. स्कूटर बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. हे काय आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं.

“गच्चीवर कबुतरं लई घाण करत्यात,” आक्का म्हणाली. “कॉलनीत एवढा स्वच्छ पत्रा दुसरा कुटं हाय? रोज पुसलेला.”

ओल्या कुरडया उचलता येत नाहीत. एवढं शिकलेल्या माणसालाही ते कळत असावं. दाजी आत जाऊन खिडकीत बसले. शेजारच्या बायका येऊन कुरडया बघून गेल्या, उन्हाची जागा छान शोधली म्हणाल्या. कुरडया वाळल्या, आक्कानं त्या डब्यात भरल्या. साडी झटकली. गाडीला काही म्हणजे काही झालं नव्हतं. मी स्वतः बघितलं.

पण दाजींना चैन पडेना. रविवार येताच त्यांनी पॉलिशचं मशीन काढलं. जाळी परत बांधायचा धीर नव्हता. भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर, रागानं दाबून त्यांनी मशीन फिरवलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मशीन एकदम थांबलं. वाकून बघितलं तर बॉनेटच्या कडेचा निळा रंग पार उडाला होता आणि खालचा राखाडी थर वर आला होता. दाजींनी इकडंतिकडं बघितलं आणि थुंकी लावून बोटानं ती जागा चोळली. मग तिच्यावर फडकं टाकून आत गेले.

संध्याकाळी समोरचे निवृत्त गृहस्थ आले. दाजींनी त्यांना ती जागा दाखवली आणि कुरडयांतल्या मिठानं रंग खाल्ला असं सांगितलं. आक्का तिथंच चहा देत होती. पुढं ते ज्याला त्याला हेच सांगत सुटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाहिलंय, सगळ्यांसमोर सांगते, असं मी आक्काला म्हटलं.

“सांगू दे त्यांना,” ती म्हणाली. “डाग पडला ते बरंच झालं. आता गाडी वापरायला मिळंल.”

आणि झालं तसंच. रंग परत लावला तरी हुबेहूब जुळणार नाही असं गॅरेजवाल्यानं सांगितल्यावर दाजींचा सगळा उत्साह गळाला. बाटल्या, फडकी, मशीन माळ्यावर गेलं. अव्वाला डॉक्टरांकडं परत दाखवायला न्यायचं होतं त्या दिवशी आक्कानं किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. ते उठले. मागच्या सीटवर आणि पायाखाली मात्र त्यांनी वर्तमानपत्रं अंथरली. अव्वा त्या कागदांवर पाय आखडून बसली आणि उघडलेल्या डोळ्यानं सगळं बघत राहिली. दुकानांच्या पाट्यांचे रंग, रस्त्यातले उंट, सिग्नलचा लाल दिवा. हे काय, ते काय, म्हणून विचारत होती. आम्ही दोघी सांगत होतो. दाजी खड्डे चुकवत होते.

येताना आक्कानं बाजारात गाडी थांबवायला लावली. वर्षाची ज्वारी घ्यायची होती. दाजी स्टिअरिंग धरून समोर बघत बसले, खाली उतरले नाहीत. आम्ही दोघी बहिणींनी पोतं उचलून डिकीत टाकलं.