पडायची विद्या

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन वाटूरजवळच्या आमच्या गावात आली ती थेट सिमल्याहून. तिचे वडील तिकडं गोऱ्या साहेबाच्या कचेरीत नोकरीला होते. आल्या आल्या बाईनं सांगून टाकलं की लहानपणी ती बर्फावर चालायची, पात्याचे बूट घालून.

आम्ही बर्फ पाह्यलेला जालन्याच्या बाजारात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी. मी म्हणाले, "अगं, एवढ्याशा लादीवर पाय तरी कसे मावायचे?" ती खदखदून हसली. तिकडं अख्खं तळं गोठतं म्हणे! सासूबाई मात्र त्या पात्यांचंच धरून बसल्या. "लेकीच्या पायाला सुऱ्या बांधल्या? कसले आईबाप म्हणावं!" मला वाटलं, चला, उतरली एक पायरी.

कुठली उतरती! आमची काळी माती पावसात पायाला शेरशेर चिकटते, आन जिथं चिकटत न्हाई तिथं पाय निसटतो. विहिरीची वाट तर सगळ्यात वाईट. मी इतकी वर्षं तिथून पायाकडं बघत, कुंपण धरत जायची. ही डोक्यावर घागर, कडेवर कळशी घेऊन सरळ निघाली. गुडघे जरासे वाकलेले, नजर पुढं, पाय उचलायची न्हाई, नुसते सरकवायची. गावच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राह्यल्या. मंग विचारू लागल्या, आन मंग ही त्यांना शिकवायलाच लागली.

"खाली बघू नका, जिकडं जायचं तिकडं बघा. पाय निसटला तर अंग ताठ करू नका, गुडघे वाकवून खाली बसा. आम्हाला तिथं सगळ्यात आधी पडायलाच शिकवलं होतं."

पडायला शिकवतात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाठ फिरवून भांडी घासत बसले. पण कान काय झाकता येतात?

सासूबाईही फिरल्या. उकळत्या दुधाचं पातेलं उतरवायचं, धाकटीला हाक. माळ्यावरून तेलाची बरणी काढायची, धाकटीला हाक. "तिच्या हातून सांडत न्हाई," म्हणायच्या. एकदा जेवताना आमचे मालकसुद्धा म्हणाले, "काय तोल हाय पोरीचा!" त्या दिवशी त्यांच्या ताटात करपलेलीच भाकरी पडली.

हे सगळं मी गिळलं. पण भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्या घरची रीत अशी की मातीचे दोन्ही मुखवटे विहिरीवर पुजून घरात आणायचे. थोरल्या महालक्ष्मीचा मुखवटा थोरल्या सुनेनं, धाकटीचा धाकट्या सुनेनं. मुखवटे सासूबाईंच्या सासूच्या वेळचे. त्या साली रात्रभर पाऊस लागला होता. सासूबाई वाटेकडं बघत म्हणाल्या, "औंदा दोन्ही धाकटीच आणील. तू पडशील, मुखवटा फुटंल."

"बिलकुल न्हाई!" मी एवढ्यानं ओरडले की भावजी ओसरीवरून उठून आले. "दूध घ्या, तेल घ्या, सगळं तिला द्या. थोरली माझी हाय, मीच आणणार."

"अन् फुटली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर परत हात लावणार न्हाई."

मी पुढं, धाकटी मागं, अशा आम्ही विहिरीवरून निघालो. दारात सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "महालक्ष्मी कशाच्या पावलानं आली?" मी तोंड उघडलं आन पाय सटकला. अंग ताठ होणार तेवढ्यात गुडघे आपोआप वाकले, आन मुखवटा पोटाशी धरून मी बदकन चिखलात बसले. लक्ष्मीच्या कपाळाचं कुंकूसुद्धा हललं न्हाई.

"सोन्याच्या पावलानं!" मी चिखलातूनच सांगितलं. बायांची हसून मुरकुंडी वळली. धाकटीनं हात पुढं केला, "उठा आक्का." मी काय तो धरला न्हाई.

सासूबाईंनी मुखवटा चारी बाजूंनी निरखला. वाटलं, आता तरी म्हणतील, सांभाळलंस गं बाई. त्यांनी धाकटीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "तू हिला पडायला शिकवलंस म्हणून माझी लक्ष्मी वाचली गं!" आन मंग माझ्याकडं वळून, "इथून पुढं थोरली तूच आणत जा. तुला आता पडता येतं."

म्हणजे चिखलात मी बसले, लुगडं माझं बरबाद झालं, आन पडणंसुद्धा तिचंच! मान माझा मलाच राह्यला, पण तिनं दिल्यासारखा. अजून बाया ही गोष्ट काढतात आन माझा जीव जळतो. आन धाकटी स्वतः एकदाही म्हणाली न्हाई की मी शिकवलं. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.