मोठ्या लेथचा खोळंबा

लासुर्ण्याजवळच्या साखर कारखान्यात बाजीराव टर्नर होता. पावसाळ्यात गाळप बंद असलं की ऊस पिळणारे रोलर दुरुस्तीला उतरत. त्यांच्या झिजलेल्या खाचा मोठ्या लेथवर पुन्हा कापणं फक्त त्यालाच जमे.

१९९४ चा भाद्रपद. दसऱ्याला बॉयलर पेटायचा होता आणि चार रोलर अजून बाकी होते. इंजिनिअरसाहेब शांतपणे म्हणाले, "शनिवारपर्यंत एक तरी उतरला नाही, तर सगळे पुण्याला पाठवतो. पुढच्या वर्षीपासून तिकडंच."

बाजीरावाला ते लागलं. दिवसभर त्याची पाठ टेकत नव्हती.

कापलेले रोलर गिरणीत बसवायचं काम फिटरांचं; ते वर्कशॉपच्या दाराबाहेर फळीवर बसले होते. त्यांतला सोमनाथ बाजीरावाला म्हणाला, "तात्या, बसून बसून आमाला मुळव्याध व्हायची."

"मग मी काय झोपतोय व्हय रं?"

"तुमी न्हाय, लेथ झोपतोय. सकाळपास्नं तीनदा थांबला. आमी सातजण त्याच्याच तोंडाकडं बघत बसलोय."

खरं होतं. कारखान्याचा कुणी सभासद ट्रॅक्टरची पिन घेऊन येई, कुणी पंपाचा बुश. "बाजीराव, तेवढं करा." असं म्हटलं की तो मोठा लेथ थांबवून छोट्यावर जाई. ज्यांच्या दारात त्याच्या आज्याला पायरीखाली उभं राहावं लागे, तीच माणसं आता त्याच्या दारात येऊन 'राव' म्हणत. ते ऐकलं की हात आपोआप पुढं होई.

दुसऱ्या दिवशी संचालक आप्पासाहेब आले. मागं गड्याच्या खांद्यावर पंपाचा शाफ्ट.

"बाजीराव, एवढा घ्या करून. ऊस सुकाय लागलाय."

पहिला रोलर निम्मा कापून झाला होता. पात्याखालून लोखंडाची कात सावकाश गळत होती. बाजीरावाने लेथवरून हात काढला नाही.

"आप्पासाहेब, चारी रोलर झाल्याबगर दुसरं काम घेत न्हाय. बारामतीत एमआयडीसीत दुपारपर्यंत मिळंल करून."

"मला न्हाय म्हणतोस?"

'राव' गेलं होतं, 'तू' आलं होतं.

"व्हय," तो म्हणाला.

आप्पासाहेबांनी गळणाऱ्या कातीकडं पाहिलं. मग गड्याला खूण करून निघून गेले.

बातमी दोन दिवसांत पसरली. दारात कुणी येईना. लेथचा एकसुरी आवाज तेवढा दिवसभर चाले. शुक्रवारी पहिला रोलर उतरला, आणि साहेबांनी पुण्याचा ट्रक नको म्हणून कळवलं. मग चार-चार दिवसांनी एकेक.

चौथा रोलर क्रेनने उचलून नेला, तेव्हा दसऱ्याला आठ दिवस होते. बाजीरावाने हात पुसले आणि सवयीने दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

गिरणीवरून घामाघूम सोमनाथ ओरडला, "तात्या, आता आमच्यापाशी तुंबलंय. बसा तुमी फळीवर."

बाजीराव फळीवर जाऊन बसला. दुसऱ्याच्या कामाची वाट बघत बसणं त्याला ठाऊक नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते कळेना. थोड्या वेळाने त्याने ते मांडीवर ठेवले.